त्रास एकच, इंग्रजी शब्द छप्पन्न

गेल्या मे महिन्यात शेजारच्या आबांनी हाक मारली, एक अर्ज लिहायचाय म्हणाले. मी गोव्यातल्या पेडण्यात इंग्रजीच्या शिकवण्या घेतो, त्यामुळे वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, कुणालाही बँकेला, विमावाल्यांना, पोराच्या शाळेला काही इंग्रजीत लिहायचं असलं की पाय आपोआप माझ्या घराकडे वळतात. फी म्हणून कधी फणस, कधी शहाळी, एकदा तर एकाने पिशवीभर जिवंत कुर्ल्या आणून दिल्या आणि त्या अख्ख्या स्वयंपाकघरात पसरल्या, पण ते जाऊ दे. आबांचा विषय गंभीर होता. गावाच्या समुद्राकडच्या अंगाला एक नवीन जागा झालीय, नाव घेत नाही, तिथे रात्री अकरानंतर म्युझिक सुरू होतं ते दोन-अडीचपर्यंत. शब्द ऐकू येत नाहीत, सूर पण नाही, नुसतं धप धप धप धप. आबा म्हणाले, "गाणं असतं तर ऐकून तरी घेतलं असतं रे, हे म्हणजे कोणीतरी उशीखाली वरवंटा आपटतंय."

अर्जासाठी त्यांनी मराठीत एकच ओळ सांगितली. रात्रीच्या आवाजाचा आम्हां लोकांना फार त्रास होतो. "एवढंच इंग्रजीत कर. पाच मिनिटांचं काम."

त्या पाच मिनिटांच्या कामाला तीन संध्याकाळी लागल्या.

कारण बघा, आपला 'त्रास' हा शब्द कुठेही चालतो. दाढेचा त्रास, डासांचा त्रास, जावेचा त्रास, गुडघ्याचा त्रास, आणि पाहुणे मिठाईचा पुडा घेऊन आले की "अहो कशाला त्रास घेतलात" तोही त्रासच. मूळ संस्कृतात त्रास म्हणजे भीती, थरकाप. मराठीत येईपर्यंत त्यातली भीती गळून गेली आणि उरलं ते सगळं आपण या एका पिशवीत कोंबलं. वर 'होतो' हे क्रियापद लावलं की कोणी दिला, मुद्दाम दिला का, हे सांगायची गरजच नाही, पाऊस होतो तसा त्रास होतो. इंग्रजीत ही सोय नाही. तिथे शब्द उचलायच्या आधीच ठरवावं लागतं की हे कोण करतंय, जाणूनबुजून करतंय का, किती वेळा झालंय, आणि ते नुसतं कानापर्यंत आलंय की पार आत पोचलंय. शब्द चुकला की एक तर तुम्ही रडे ठरता नाहीतर आरोप करणारे.

आमच्याकडे दोन कच्चे मसुदे होतेच. एक आबांचा स्वतःचा, जुन्या मॅट्रिकचं इंग्रजी, त्यात शब्द होता इन्कन्व्हीनियन्स. दुसरा त्यांच्या नातवाचा. तो क्रूझ जहाजावर गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरला आहे, सुट्टीवर आलेला, दोन वाजता झोपमोड झाल्यावर त्याने मोबाईलवरच तणतणत लिहिलेलं, त्यात शब्द होता हॅरॅसमेंट. आजोबांचा शब्द फारच नरम आणि नातवाचा फारच गरम, आणि मधली जागा भरायला मला बोलावलेलं.

इन्कन्व्हीनियन्स म्हणजे गैरसोय. रस्ता खणला की पाटी लागते ना, इन्कन्व्हीनियन्स रिग्रेटेड, तो हा शब्द. आता ती पाटी कोण लावतं ते बघा, ज्याने खणलाय तो. म्हणजे हा त्रास देणाऱ्याच्या तोंडचा शब्द आहे, स्वतःची चूक लहान करून दाखवायला. ज्याला सोसावं लागतंय त्याने तोच वापरला तर स्वतःच स्वतःची किंमत पाडल्यासारखं होतं. पंच्याहत्तरीच्या माणसाला रात्रभर झोप नाही याला गैरसोय म्हणत नाहीत. फेरीबोट समोरून सुटली आणि पुढची यायला अर्धा तास, ही गैरसोय.

हॅरॅसमेंट त्याच्या बरोबर उलट टोकाला. या शब्दात तीन गोष्टी गृहीत आहेत, कोणीतरी करतंय, परत परत करतंय, आणि नेमकं तुम्हालाच धरून करतंय. तो फ्रेंचमधून आलाय, आणि बहुतेक त्याच्या मुळाशी कुत्र्याला एखाद्याच्या अंगावर सोडताना करायची आरोळी आहे. म्हणजे आपलं 'छू'! कोणी कुत्र्याला तुमच्याकडे बोट दाखवून छू केलं आणि ते सोडतच नाही, तो हॅरॅसमेंट. मी नातवाला म्हटलं, त्या जागेच्या मालकाला आबा या जगात आहेत हे तरी माहितीय का? नाही ना, मग छू कुठे झालं? तो म्हणाला, "काका, पण रोज रात्री होतंय ना." परत परत होतं हे खरं, पण आबांवर नेम धरून होत नाही. हां, आता तक्रार केल्यावर कोणी मुद्दाम स्पीकर आबांच्या घराकडे फिरवला तर मात्र हॅरॅसमेंट लिहू, बिनधास्त.

हा शब्द मी जपून वापरायला सांगतो त्याला आणखी एक कारण आहे. आपल्या इंग्रजी पेपरांत वर्षानुवर्षं ईव्ह-टीझिंग नावाचा एक शब्द चालला, खास भारतीय माल, इंग्लंडात कोणाला सांगितला तर कळायचा नाही. टीझ म्हणजे थट्टा, चिडवणं. त्याचं मूळ तर लोकर पिंजण्यात आहे, धागे ओढून ओढून मोकळे करायचे त्याला टीझ म्हणायचे, मग माणसाला पिंजणं आलं. भावाने बहिणीच्या वेणीवरून तिला चिडवलं तर तो टीझ. पण बसमध्ये मुलीच्या अंगाला हात लावणं यालाही तोच खेळकर शब्द? गुन्हा शब्दानेच अर्धा करून टाकला. म्हणून बायकांच्या संघटना ओरडत होत्या की याला सरळ हॅरॅसमेंट म्हणा. १९९७ साली सुप्रीम कोर्टाने कामाच्या जागेसाठी विशाखा मार्गदर्शक तत्त्वं दिली, मग २०१३ चा कायदा आला, त्याच्या नावातच सेक्शुअल हॅरॅसमेंट आहे. तिथे तो शब्द मोठ्या कष्टाने मिळवलेला आहे, त्यामुळे स्पीकरच्या आवाजासाठी तो स्वस्तात खर्च करू नये असं आपलं माझं मत.

बरं, मग मधले शब्द. पहिल्या संध्याकाळी मी आबांना विचारलं की पहिल्या दिवसापासून काय काय वाटत गेलं ते सांगा, आणि त्यांनी जे सांगितलं त्यात इंग्रजीचा सगळा जिना आला.

पहिल्या रात्री त्यांना वाटलं कोणाचं तरी लग्न असेल, एक दिवसाचं आहे, झोप मोडली पण कूस बदलून झोपले. हा झाला बॉदर. बॉदर हलका असतो, खांद्यावर बोटाने टकटक केल्यासारखा. म्हणूनच इंग्रज माणूस काही विचारायच्या आधी सॉरी टू बॉदर यू म्हणतो, आपण "जरा त्रास देतो हां" म्हणतो तसं. आणि डोन्ट बॉदर मात्र जपून ऐका, मऊ आवाजात आलं तर "राहू दे, कशाला दगदग", तुटक आवाजात आलं तर "काही नको करूस, कळलं तुझं". या शब्दाची एक गंमत मला फार आवडते. तो अठराव्या शतकात आयरिश लेखकांच्या इंग्रजीत पहिल्यांदा दिसतो, आणि मूळ पक्कं नसलं तरी एक अंदाज असा की तो आयरिश भाषेतल्या बोदर या शब्दावरून आला, अर्थ बहिरा. आणि हा आयरिश बोदर आणि आपला बधिर हे सख्खे चुलत भाऊ आहेत, हे मात्र भाषाशास्त्रात पक्कं आहे. म्हणजे अंदाज खरा असला तर "नुसतं डोकं बधिर केलंन" म्हणणारी आमची मावशी आणि "स्टॉप बॉदरिंग मी" म्हणणारा डब्लिनचा म्हातारा एकच गोष्ट बोलतायत. हे ऐकून आबा इतके खूश झाले की त्या संध्याकाळी अर्ज तिथेच राहिला.

चौथ्या-पाचव्या रात्री राग यायला लागला. हा ॲनॉय. बॉदर आणि ॲनॉयमध्ये फरक इतकाच की बॉदरमध्ये तुमचं काम अडतं आणि ॲनॉयमध्ये तुमचं मन बिघडतं. याची तर मोठी वंशावळ आहे. लॅटिनमध्ये म्हणायचे इन ओदिओ, म्हणजे मला याचा तिटकारा आहे. ते दोन शब्द एकत्र चिकटून जुन्या फ्रेंचमध्ये क्रियापद झालं आणि तिथून इंग्रजीत ॲनॉय झालं. पण बाकीच्या घरी काय झालं ते ऐका. फ्रेंचांनी त्याचंच आँन्वी केलं, त्यांच्याकडे अर्थ कंटाळा, जगण्याचाच वीट. इटालियनमध्ये नोया, तोही कंटाळाच. स्पॅनिशमध्ये एनोहो, सरळ राग. आणि पोर्तुगीजमध्ये नोजो, म्हणजे किळस, शिसारी. एकाच आजीची पाच नातवंडं, एक चिडतं, दोघं कंटाळतात, एक भडकतं आणि एकाला उलटी येते! गोव्यात साडेचारशे वर्षं पोर्तुगीज राहिले, १९६१ ला गेले, जुन्या पिढीतल्या ज्यांना ती भाषा येते त्यांना हा नोजो विचारून बघा, तोंड वाकडं करूनच अर्थ सांगतील.

जाता जाता, नॉइसम हा शब्द दिसला तर फसू नका. त्यात नॉइज म्हणजे आवाज नाही, ॲनॉयचीच शेपटी आहे, आणि अर्थ घाण वास मारणारं. मी स्वतः कॉलेजात एकदा नॉइसम मार्केट असं लिहून मासळी बाजाराचं वर्णन केलं होतं, गोंगाट म्हणायचं होतं, सरांनी लाल शाईत लिहिलं, चुकून बरोबर.

दुसऱ्या आठवड्यात प्रकरण अंगावर आलं. आवाज सुरू व्हायच्या आधीच आबांचे कान त्याची वाट बघायला लागले. हा इरिटेट. तो कातडीचा शब्द आहे, डोळ्यात धूर गेला, मानेला लोकरीचं स्वेटर घासलं, तिथे डॉक्टर इरिटेशनच लिहितात. ॲनॉय माणूस एकदाच करू शकतो, इरिटेट व्हायला थोडं थोडं घासत राहावं लागतं. आता हा शब्द तर आपण मराठीत घरजावई करून घेतलाय, "मला जाम इरिटेट होतंय". पण तेच इंग्रजीत नेताना एक अपघात होतो. माझ्या बॅचमध्ये एक हॉटेलात काम करणारा मुलगा होता, चांगला हुशार, तो एकदा म्हणाला, सर, आय ॲम व्हेरी इरिटेटिंग टुडे. सगळ्यांनी माना हलवल्या, बिचारा, काय झालं असेल. मी म्हटलं अरे, तू म्हणालास की आज मी सगळ्यांचं डोकं खातोय! शेवटी 'इंग' आलं की त्रास देणारा, 'एड' आलं की भोगणारा. बोअरिंग आणि बोअर्डचं तेच, ॲनॉइंग आणि ॲनॉइडचं तेच. मुलाखतीला जाऊन आय ॲम व्हेरी बोअरिंग ॲट माय प्रेझेंट जॉब सांगणारे मी पाहिलेत, आणि खरं सांगायचं तर त्यातले एक-दोन बरोबर होते.

अशीच गत डिस्टर्बची. "मी आज जरा डिस्टर्ब आहे" हे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत ही इज डिस्टर्ब्ड म्हटलं तर समोरचा समजतो याच्या मनाचं काही गंभीर बिघडलंय, डॉक्टरकडे न्यायला हवं. तिथे अपसेट म्हणावं. हॉटेलच्या दारावरची डू नॉट डिस्टर्बची पाटी ठीक आहे, कारण ती फक्त एवढंच सांगते की लागलेली तंद्री मोडू नका.

महिन्याभराने आबा स्वतः त्या जागेवर गेले, काठी टेकत, म्हणाले बाबांनो जरा कमी करा. पोरांनी हसून हो म्हटलं, दोन दिवस कमी केलं, तिसऱ्या दिवशी परत तेच. परत गेले. परत हो. परत तेच. इथे दोन शब्द लागतात. फ्रस्ट्रेट, म्हणजे काहीतरी करायला गेलात आणि फुकट गेलं, लॅटिनमध्ये फ्रुस्त्रा म्हणजे व्यर्थ. नुसतं कंटाळून बसलेल्या माणसाला फ्रस्ट्रेटेड म्हणता येत नाही, आधी त्याने काहीतरी धडपड केलेली असली पाहिजे. आणि त्याच्याही पुढचा एक्झॅस्परेट, त्याच्या पोटात लॅटिनचा खरखरीत, खडबडीत असा शब्द आहे, म्हणजे घासून घासून माणूस खरखरीत झाला, आता हात लावाल तर ओरबाडेल. मराठीत जवळचा शब्द वैताग, आणि आमच्याकडे कोंकणीत म्हणतात "वाज आयला". आबा हेच म्हणाले, कपाळाला हात लावून. एक्झॅस्परेट झालेला माणूस ओरडत नाही बरं का, तो सुस्कारा टाकतो.

माणसांनी माणसांना द्यायच्या त्रासाचे वेगळे शब्द आहेत, ते अर्जात लागत नव्हते पण तुम्हाला लागतील म्हणून पटकन सांगतो. पेस्टर म्हणजे मागे लागणं, किनाऱ्यावर पर्यटकाच्या मागे "मॅडम डॉल्फिन, मॅडम वॉटरस्पोर्ट" करत जातात तो प्रकार. याचं मूळ गुरांच्या पायाला अडकवायच्या दोरीत आहे, पुढे पेस्ट म्हणजे कीड या शब्दाची सावली त्यावर पडली. आपण "गळ्यात लोढणं" म्हणतो ते याच गोठ्यातलं. नॅग म्हणजे सारखी भुणभुण, मूळ अर्थ कुरतडणं, उंदरासारखं. यात एक लबाडी आहे, हा शब्द बहुतेक वेळा बायकोलाच चिकटवतात, तेच नवरा बोलला की त्याला रिमाइंड करणं म्हणतात. हॅसल हा तसा नवा, गेल्या शतकात अमेरिकेतून आलेला, चार खिडक्या, दहा झेरॉक्स, परत या, तो हॅसल, मराठीत कटकट इतकी चपखल बसते की पुढे बोलायला नको. वेक्स आता पुस्तकी झालाय, कोर्टात मात्र जिवंत आहे, समोरच्याला नुसतं हैराण करायला केस ठोकली तर तिला वेक्सेशस म्हणतात.

एक शब्द मात्र पटकन सोडवत नाही, रँकल. लॅटिनमध्ये छोट्या सापाला द्राकुनकुलुस म्हणायचे, त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये चिघळलेल्या फोडाला नाव पडलं आणि तिथून इंग्रजीत रँकल. दहा वर्षांपूर्वी वाटणीच्या वेळी भाऊ काहीतरी बोलला, आता बोलणं-चालणं सगळं सुरू आहे, चतुर्थीला एकत्र जेवतात, पण ते वाक्य अजून आत ठसठसतं, इट रँकल्स. आपला सल. आबांना तो आवाज रँकल होत नाही, पण ती पोरं हसून "हो" म्हणाली ते होतं, असं ते स्वतःच म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल सरळ ट्रबल लिहायचं ना, सगळ्यांना कळतं. दुसऱ्या संध्याकाळी आबा पण तेच म्हणाले. ट्रबल हा भोपळ्यासारखा शब्द आहे, मोठा पण आत पोकळ, कशालाही बसतो म्हणून कशालाच नीट बसत नाही. इंजिन ट्रबल, हार्ट ट्रबल, इन ट्रबल, आणि टेक द ट्रबल म्हटलं तर उलट कौतुकच, मेहनत घेतली. मूळ अर्थ गढूळ करणं, टर्बिड म्हणजे गढूळ तो याचाच नातेवाईक, डिस्टर्ब पण. विहिरीत पोरांनी उड्या मारल्यावर तळाचा गाळ वर येतो ना, ते ट्रबल. आणि हाच शब्द किती मोठं ओझं वाहू शकतो बघा, उत्तर आयर्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटापासून १९९८ च्या करारापर्यंत बाँब, गोळीबार, साडेतीन हजारांवर माणसं मेली, त्या सगळ्याला इंग्रजीत नाव काय, तर द ट्रबल्स. जणू पोट बिघडलं होतं.

ही इंग्रजांची खास खोड, मोठी गोष्ट लहान शब्दात सांगायची. आबांचा नातू यात तयार आहे, जहाजावर शिकलाय. तो म्हणतो अमेरिकन गेस्ट केबिनमधल्या एसीबद्दल टेरिबल, अनॲक्सेप्टेबल असं ओरडत येतो तेव्हा घाबरायचं नाही, दुरुस्ती केली की पाच मिनिटांत हसतो. पण ब्रिटिश म्हातारा हळूच येऊन म्हणाला ना की इट्स अ बिट ॲनॉइंग, तर सुपरवायझरला बोलवायचं, कारण तो आतून पेटलेला असतो. याचा कळस म्हणजे १९८२ च्या जूनमधलं ब्रिटिश एअरवेजचं ते विमान. जावा बेटाजवळ ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि जंबोची चारही इंजिनं बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना माईकवरून सांगितलं की एक स्मॉल प्रॉब्लेम आहे, चारही इंजिनं थांबलीत, ती चालू करायचा आम्ही आटोकाट प्रयत्न करतोय, आणि तुम्हाला फार डिस्ट्रेस होत नसेल अशी आशा आहे. स्मॉल प्रॉब्लेम! इंजिनं पुन्हा सुरू झाली, जाकार्ताला उतरले, सगळे सुखरूप. आपल्याकडे केबल गेली तरी "वाट लागली" म्हणतात.

तर तिसऱ्या संध्याकाळी आम्ही न्यूसन्सवर आलो, आणि तिथे थांबलो.

न्यूसन्स हा शब्द आपल्या डोक्यात भिंतींमुळे, आमच्या कोंकणीत गडग्यांमुळे, बसलाय. जुन्या सरकारी भिंतींवर लिहिलेलं असायचं, कमिट नो न्यूसन्स, आणि त्याचा अर्थ सगळ्या देशाला एकच माहीत, इथे लघवी करू नये. पण तो मुळात फार जड शब्द आहे. लॅटिन नोकेरे म्हणजे इजा करणं, त्यातून न्यूसन्स, आणि त्यातूनच इनोसंट, म्हणजे ज्याने कुणाला इजा केली नाही असा. ॲनॉयमध्ये माझ्या मनाला काय वाटलं ते सांगतो, न्यूसन्समध्ये त्या गोष्टीने काय इजा केली ते सांगतो. मनावरून वाद घालता येतो, इजेवरून घालायला जास्त कष्ट पडतात. आणि मुख्य म्हणजे यात मुद्दाम केलं का हा प्रश्नच येत नाही, त्यामुळे नातवाच्या हॅरॅसमेंटची अडचण सुटते.

कायद्यातही तो बसलाय. १८६० च्या इंडियन पीनल कोडमध्ये कलम २६८, पब्लिक न्यूसन्स, गोव्यात हा कायदा मुक्तीनंतर आला, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच कलम २७० झालं. व्याख्येत म्हटलंय की लोकांना किंवा आजूबाजूला राहणाऱ्यांना सामायिक इजा, धोका किंवा ॲनॉयन्स. म्हणजे कायद्यात ॲनॉयन्स आहे, पण एकट्याचा चालत नाही, वाड्याचा लागतो. आबांच्या वाक्यात "आम्हां लोकांना" होतं ना, ते सोन्यासारखं होतं.

हा ॲनॉयन्स शब्द मोकळा सोडला तर काय होतं तेही आपण बघितलंय. आयटी कायद्यात कलम ६६ अ होतं, ऑनलाईन काही पाठवून कुणाला ॲनॉयन्स किंवा इन्कन्व्हीनियन्स करणं हासुद्धा त्यात गुन्हा, अटी होत्या काही, पण शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदवरच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली, एकीने लिहिलं होतं आणि दुसरीने नुसतं लाईक केलं होतं. मग श्रेया सिंघल खटला, आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते कलमच रद्द केलं. एक मोठं कारण हेच, की एकाला ज्याचा ॲनॉयन्स होतो त्याचा दुसऱ्याला होईलच असं नाही, मग माणसाला आधी कळणार कसं आपण गुन्हा करतोय की नाही. गंमत म्हणजे त्याच काळात अख्ख्या गावाला पब्लिक न्यूसन्स केला तर दंड होता २०० रुपयांपर्यंत. नवीन संहितेत १००० झालाय.

नातवाने इथे एक पिन मारली. "आबा, जत्रेला दशावतार पहाटेपर्यंत चालतो, पेटी, पखवाज, झांज, तेव्हा कोण न्यूसन्स?" आबा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "तो वर्षातून एकदा, आणि तू पहिल्या रांगेत बसायचास." उत्तर पुरेसं आहे असं मला वाटत नाही, पण अर्जात ते लिहायचं नव्हतं.

शेवटी इंग्रजी अर्ज असा झाला की विशेषणं जवळपास गेलीच. पब्लिक न्यूसन्स हा शब्द एकदा, वर विषयात. खाली २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा उल्लेख, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर नाही, राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. मग वार, वेळा, आणि सतरा घरांच्या सह्या. वाचून झाल्यावर आबांनी विचारलं, "हे मराठीत दिलं तर घेत नाहीत?" आणि माझी बोलती बंद. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्याची राजभाषा कोंकणी, पण सरकारी कामाला मराठीही चालते हे मला शाळेपासून पाठ आहे, आणि तीन संध्याकाळी मी बोदर आणि बधिर करत बसलो होतो. मग आबांनी एक मराठी कागदही लिहिला, स्वतःच्या अक्षरात. त्यात त्रास हा शब्द नव्हता. रात्री सव्वाअकरा ते अडीच, बुध, शुक्र, शनि. कपाटाची काच वाजते. धाकटी नात दचकून उठते. एवढंच.

दोन्ही कागद घेऊन आम्ही गेलो. खिडकीतल्या माणसाने इंग्रजी कागद आधी उचलला, चष्मा वर केला, विषयाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "न्यूसन्स? गडग्यार कोण मुतता?"

आबांनी मराठी कागद पुढे सरकवला.